आय-४५ वरचं तिकीट आणि सतरा वर्षं पडून राहिलेलं वॉरंट

आमच्या इमिग्रेशनच्या वकीलबाईंनी फोनवर साधा प्रश्न विचारला. "२००६ च्या त्या तिकिटाचा दंड भरल्याची पावती आहे ना?" मी म्हटलं, "असेल, शोधतो." २०२४ च्या एप्रिलमधली गोष्ट. सिटिझनशिपचा एन-४०० फॉर्म भरायला घेतला होता आणि पोलिसांनी कधी अटक केली होती का, कधी तिकीट (म्हणजे दंडाचं चलान) दिलं होतं का, या प्रश्नावर आम्ही थांबलो होतो. २०१८ साली ग्रीन कार्डच्या फॉर्ममध्येही असाच प्रश्न होता. तिथे मी लिहून दिलं होतं: वेगमर्यादा ओलांडल्याचं एक तिकीट, टेक्सास, दंड भरला. सही माझी होती. आता तो दंड खरंच भरला गेला होता की नाही, हे मला दाखवायचं होतं.

त्या रात्री तळघरातली जुनी फाइल काढली. ह्यूस्टनला एमएस करत होतो तेव्हाची. तिच्यात १६५ डॉलरच्या मनीऑर्डरचं अर्धं पान सापडलं, तारीख २९ डिसेंबर २००६. पैसे कोणाच्या नावे, ती ओळ कोरी. आणि तिकिटाची प्रत नव्हतीच.

मला एवढंच आठवत होतं: डिसेंबरची रात्र, ह्यूस्टनहून डॅलसला आय-४५ हायवेने मित्राकडे निघालो होतो. तेव्हा टेक्सासमध्ये रात्रीची वेगमर्यादा ६५ मैल असायची (ती २०११ मध्ये काढली) आणि मी ८२ ने चाललो होतो. हंट्सव्हिलचा सॅम ह्यूस्टनचा उंच पांढरा पुतळा मागे पडून बराच वेळ झाला होता. मागे दिवे लागले. तिकीट घेतलं, आठवड्याभरात मनीऑर्डर टाकली आणि जानेवारीत नोकरीसाठी न्यू जर्सीला आलो. अपार्टमेंट सोडलं, पण कोर्टाला नवा पत्ता कळवला नाही. कळवायचा असतो हेच माहीत नव्हतं.

वकीलबाई म्हणाल्या, "पैसे पोचले नसतील तर तुमच्या नावाचं वॉरंट निघालेलं असू शकतं. आधी ते बघा. मग फॉर्म." फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "म्हणजे तुला आत्ता कुणीही पकडू शकतं?" धाकटा शेजारीच गृहपाठ करत बसला होता. मी काही बोललो नाही.

आपल्याकडच्या वाचकांना वॉरंट म्हटलं की जामीनपात्र आणि अजामीनपात्र हे दोन शब्द आठवतात. अमेरिकेत मला ज्याची भीती होती ते 'बेंच वॉरंट'. गुन्ह्याचा तपास करून काढलेलं ते नव्हे. तारखेला हजर झाला नाहीत म्हणून न्यायाधीश आपल्या खुर्चीवरून काढतो ते हे वॉरंट. तिकीट म्हणजे एका अर्थी कोर्टात हजर राहण्याचं वचन, त्यावर आपली सही असते. ते मोडलं की मूळ तिकीट राहतं बाजूला आणि गैरहजेरीचा दुसरा गुन्हा वर बसतो. आणि हे वॉरंट आपोआप मरत नाही. बजावलं जाईपर्यंत किंवा न्यायाधीशाने मागे घेईपर्यंत ते जिवंत असतं.

सुरुवातीचे चार दिवस मी चुकीच्या जागी शोधण्यात घालवले. नाव टाकून 'वॉरंट शोधा' असं सर्च केलं की आधी दिसतात त्या पैसे घेणाऱ्या खासगी साइट्स. एकीवर मी कार्ड नंबर दिला. दहा मिनिटं पट्ट्या फिरत राहिल्या, 'नोंद सापडली' असं लाल अक्षरात आलं, पैसे घेतले गेले आणि हाती आले माझेच जुने पत्ते आणि माझ्याच नावाच्या दुसऱ्या एका माणसाचं कॅलिफोर्नियातलं घर. शिवाय दर महिन्याचं वर्गणीचं कलम बारीक अक्षरात होतं, ते बंद करायला दोन फोन करावे लागले. अशा कुठल्याही साइटवर भरवसा ठेवू नका. अडकलेला घाबरलेला माणूस हेच त्यांचं गिऱ्हाईक आहे, आणि मला याचा अजून राग येतो.

मग मी एफबीआयकडे गेलो. बोटांचे ठसे देऊन १८ डॉलरमध्ये स्वतःच्या नोंदींचा कागद मागवता येतो. उत्तर आलं: काही नोंद नाही. त्या दिवशी घरी शिरा केला होता.

तो आनंद ह्यूस्टनच्या एका ताईंनी घालवला. आमच्या जुन्या महाराष्ट्र मंडळातल्या, गेली कित्येक वर्षं एका वकिलाच्या ऑफिसात काम करतात. मी फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, "अरे, तो कागद ठशांवरून निघतो. तुझे ठसे त्या रात्री कुणी घेतले होते का? नाही ना? मग त्यात ते दिसणारच नाही." एफबीआयची एनसीआयसी नावाची देशभरची यादी आहे, १९६७ पासूनची, पण ती पोलिसांसाठी. आपल्याला ती उघडता येत नाही, आणि साध्या ट्रॅफिकची वॉरंटं सहसा तिच्यात टाकतही नाहीत. "वॉरंट ज्या कोर्टाने काढलं त्याच्या टेबलावर असतं. तू ते टेबल शोध," ताई म्हणाल्या. "आता मला सांग, त्या पोलिसाची गाडी कशी होती?"

मला प्रश्न विचित्र वाटला. गाडी काळी-पांढरी होती. माणसाच्या डोक्यावर रुंद काठाची काउबॉय टोपी होती, एवढं नक्की आठवत होतं, कारण तो खिडकीशी वाकला तेव्हा टोपीचा काठ काचेला लागला होता.

"मग तो स्टेट ट्रूपर, राज्याचा हायवे पोलीस. शहराचा पोलीस नाही," ताई म्हणाल्या. आणि अर्धं काम तिथे झालं. शहराच्या पोलिसाने दिलेलं तिकीट शहराच्या म्युनिसिपल कोर्टात जातं. राज्याच्या हायवे पेट्रोलने किंवा शेरीफच्या माणसाने दिलेलं तिकीट जातं त्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्यासारख्या भागाच्या, जस्टिस ऑफ द पीसकडे, ज्याला सगळे जेपी कोर्ट म्हणतात. ही दोन वेगळी दालनं आहेत. एकाच्या संगणकात दुसऱ्याचं काही दिसत नाही. ह्यूस्टन शहराच्या कोर्टाची साइट बघून 'माझ्यावर काही नाही' म्हणणारे लोक हॅरिस काउंटीच्या जेपी कोर्टांकडे बघतच नाहीत, आणि तिथे आठ प्रीसिंक्टमध्ये, म्हणजे काउंटीच्या विभागांत, दोन-दोन अशी सोळा जेपी कोर्टं आहेत.

आपल्या डोक्यातला शेरीफ आणि जेपी इथे विसरावा लागतो. मुंबईचा शेरीफ हे मानाचं पद, आणि जुन्या मुंबईत प्रतिष्ठित माणसाच्या नावापुढे जे. पी. लावत. टेक्सासमध्ये दोघंही निवडून येतात आणि दोघांच्याही हातात खरा अधिकार असतो. जेपी वकील असावाच लागतो असंही नाही. पाचशे डॉलरपर्यंतच्या दंडाचे, तुरुंगवास नसलेले किरकोळ गुन्हे त्याच्याकडे. त्याहून मोठ्या किरकोळ गुन्ह्यांचे कागद बहुतेक काउंट्यांत काउंटी क्लार्ककडे, गंभीर गुन्ह्यांचे डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे. हॅरिसमध्ये मात्र दोन्ही डिस्ट्रिक्ट क्लार्ककडेच आहेत. आणि काढलेली वॉरंटं बजावण्याचं काम शेरीफचं किंवा कॉन्स्टेबलचं.

टेक्सासमध्ये २५४ काउंट्या आहेत. मी नकाशा उघडला. ह्यूस्टनहून डॅलसकडे आय-४५ ने जाताना एकामागून एक लागतात: हॅरिस, माँटगोमेरी, वॉकर, मॅडिसन, लिऑन, फ्रीस्टोन, नवारो, एलिस, मग डॅलस. हंट्सव्हिल वॉकरमध्ये. पुतळा मागे पडलेला होता, म्हणजे पहिल्या दोन बाद. डॅलसचे दिवे दिसायला अजून बराच वेळ होता, म्हणजे शेवटच्या दोन बाद. उरल्या पाच. पुढे कुठे काय सापडलं त्या काउंटीचं नाव मी इथे लिहीत नाही.

आधी ताईंनी एक सोपी वाट करून बघायला लावली. टेक्सासमध्ये तिकिटाला हजर न राहिलेल्यांचं लायसन्सचं नूतनीकरण अडवण्याची सोय आहे आणि तिचं काम ऑम्निबेस नावाची कंपनी बघते. तिच्या साइटवर टेक्सासचा लायसन्स नंबर आणि जन्मतारीख टाकली की कुठल्या कोर्टाने तुमचं नाव दिलंय ते दिसतं. माझं टेक्सासचं लायसन्स न्यू जर्सीला आल्यावर जमा केलेलं, पण जुन्या ईमेलमध्ये त्याची स्कॅन केलेली प्रत निघाली. नंबर टाकला. काही नाही. ताई म्हणाल्या, "सगळी कोर्टं यात नाहीत. नाही दिसलं म्हणजे नाही असं समजू नकोस. दिसलं असतं तर मात्र काम झालं असतं." तुमच्याकडे टेक्सासचा जुना नंबर असेल तर सुरुवात इथूनच करा.

मग पाच काउंट्या. काहींच्या साइटवर कोर्टाच्या केसेस नावाने शोधता येतात. अनेक काउंट्या टायलर टेक्नॉलॉजीज या टेक्सासच्याच कंपनीचं पोर्टल वापरतात, एकदा हात बसला की पुढच्या काउंटीतही तोच पडदा समोर येतो. काही ठिकाणी फक्त फोन नंबर आणि 'दुपारी १२ ते १ बंद' एवढंच. कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत शेरीफच्या साइटवर नाव टाकून थेट वॉरंट शोधता येतं, तशी सोय सगळीकडे नाही. आपल्याकडे ई-कोर्ट्सवर जिल्हा निवडून पक्षकाराच्या नावाने शोधतात, त्या सवयीने मी एकच खिडकी शोधत होतो. इथे प्रत्येक काउंटी हे स्वतंत्र दार आहे.

आणि आता नावाचं. हे जरा सविस्तर सांगतो, कारण माझी शोधाशोध खरी इथेच अडली होती.

माझ्या आडनावाची सुरुवात 'क्ष'ने होते. पासपोर्टवर तो के-एस-एच असा लिहिलेला. बँकेत एकदा के-एस-एच-ई-ई झाला होता. आणि मधलं नाव वडिलांचं, ते इथे कधी मधलं नाव होतं, कधी पहिल्या नावाला चिकटतं, कधी चक्क आडनावाच्या जागी जाऊन बसतं. साइट असलेल्या तीन काउंट्यांत मी पूर्ण नाव टाकलं, 'नोंद नाही' आलं आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला. ताईंनी विचारलं, "किती अक्षरं टाकलीस?" सगळी. "म्हणूनच. फक्त पहिली दोन अक्षरं टाक, मग तारांकन टाक, आणि जन्मसाल दे. नंतर वडिलांचं नाव आडनाव म्हणून टाक. नंतर जन्मतारीख उलटी करून बघ." जन्मतारीख उलटी म्हणजे दिवस आणि महिना. माझी जन्मतारीख ३ जुलै. आपण ३/७ लिहितो, इथे ७/३ लिहायचं. नव्या मुलाने सवयीने आपल्या पद्धतीने सांगितली असेल तर नोंद ७ मार्चची होते.

मी एक तक्ता केला. आडवे पाच काउंट्या, उभी नावाची सात रूपं. दोन रात्री तेच करत बसलो. बायकोने चहा आणून ठेवला, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाली, "एस आणि एच उलटे करून बघ. मला नेहमी असंच लिहून पाठवतात." तिचं आडनाव लग्नानंतर तेच आहे. के-एच-एस. टाकलं. साइट असलेल्या तीन काउंट्यांत काही नाही. उरल्या दोन, फोनवाल्या.

जेपी कोर्टाला फोन करायला मी घाबरत होतो. ताईंनी समजावलं की कोर्टाची क्लार्क म्हणजे पोलीस नव्हे, ती रोज असे फोन घेते. "शेरीफच्या काउंटरवर मात्र स्वतः जाऊन 'माझं वॉरंट आहे का' असं विचारायला जाऊ नकोस. असलं तर ते तिथेच बजावतील, त्यांचं कामच ते आहे." बऱ्याच शेरीफच्या ऑफिसांत फोनवर वॉरंटची माहिती देतच नाहीत, ओळखपत्र घेऊन या म्हणतात. त्यापेक्षा कोर्ट किंवा वकील.

बुधवारी सकाळी साडेदहाला, म्हणजे तिकडे साडेनऊला, पहिला फोन केला. तिथे काही नव्हतं. दुसऱ्या काउंटीत चार प्रीसिंक्ट, तिसऱ्यांदा फोन उचलला एका वयस्क आवाजाच्या बाईंनी. मी नाव सांगितलं, अक्षरं एकेक करून सांगितली. नाही. मग के-एच-एस. "होल्ड ऑन, हनी." कळा दाबल्याचे आवाज आले. "जन्म मार्च ७?" मी म्हटलं, जुलै ३. "इथे मार्च ७ आहे. गाडी चंदेरी होती?" माझी जुनी कोरोला चंदेरीच होती.

दोन केसेस होत्या. वेगमर्यादेची एक आणि गैरहजेरीची दुसरी. वॉरंट २००७ चं, अजून उघडं. बाईंनी जुनी फाइल मागवून दुपारी परत फोन करायला सांगितला, आणि दुपारी सगळं कळलं. माझी मनीऑर्डर पोचली होती. पण तिच्यासोबत गुन्हा कबूल आहे किंवा आव्हान देत नाही असं लिहून सही केलेला कागद नव्हता आणि केस नंबरही नव्हता. म्हणून त्यांनी ती परत पाठवली. पाकीट ह्यूस्टनच्या त्या रिकाम्या अपार्टमेंटला जाऊन पुन्हा कोर्टात आलं. ते पाकीट अजून फाइलमध्ये होतं, 'परत' असा पिवळा कागद चिकटवलेलं. बाईंनी ते वाचून दाखवलं तेव्हा माझा गळा दाटून आला. मी पैसे पाठवले होते, हे कुठेतरी लिहून ठेवलेलं होतं.

हिशेब असा होता: तिकिटाचे १६५, वॉरंटची फी ५०, गैरहजेरीचे २००, आणि थकबाकी वसुलीसाठी दिली म्हणून त्यावर ३० टक्के. एकूण ५३९ डॉलर ५० सेंट. मी लगेच कार्ड काढलं. बाई म्हणाल्या, घेऊ शकते, पण तुम्ही वकिलाशी बोललात का? त्या अनोळखी बाईंचे माझ्यावर फार उपकार आहेत. टेक्सासमध्ये दंड भरणं म्हणजे आव्हान न देता दोष मान्य केल्यासारखंच धरलं जातं. तिकिटाचं ठीक होतं. पण गैरहजेरीचा गुन्हा मी न समजता कबूल करून बसलो असतो, आणि तो सिटिझनशिपच्या फॉर्मवर कायमचा आला असता. ग्रीन कार्डवर किंवा व्हिसावर असलेल्या प्रत्येकाला मी कळकळीने सांगतो की वॉरंट सापडल्यावर पहिल्या फटक्यात पैसे भरू नका. आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा.

त्याच गावातला एक वकील ३५० डॉलरमध्ये तयार झाला. २०१७ मध्ये टेक्सासने कायदा बदलला आहे. किरकोळ गुन्ह्यात माणूस स्वतःहून पुढे आला, प्रकरण मिटवायचा प्रामाणिक प्रयत्न केला आणि वॉरंट अजून बजावलेलं नसेल, तर न्यायाधीशाने ते मागे घ्यावं अशी त्यात तरतूद आहे. वकिलाने अर्ज केला, सोबत मनीऑर्डरच्या अर्ध्या पानाची प्रत आणि कोर्टाच्याच फाइलमधल्या पाकिटाचा उल्लेख. आठव्या दिवशी वॉरंट मागे घेतलं. सरकारी वकिलाने गैरहजेरीची केस काढून टाकायला संमती दिली. मी तिकिटाचे १६५ आणि वॉरंटचे ५० भरले.

मधल्या काळात माझ्या फोनवर एक कॉल आला, 'शेरीफच्या ऑफिसातून बोलतोय, तुमच्या नावाचं वॉरंट आहे, दोन तासांत गिफ्ट कार्डाने पैसे भरा.' महिन्याभरापूर्वी आला असता तर हसून ठेवला असता. आता पाय लटपटले. कोर्ट किंवा शेरीफ फोनवर गिफ्ट कार्ड मागत नाही. मी फोन ठेवला आणि कोर्टाच्या नंबरवर स्वतः फोन लावून खात्री केली. घरी आईवडील आलेले असतील तर त्यांना हे आधीच सांगून ठेवा. ते घाबरून कार्डांचे नंबर वाचून दाखवतात.

नंतर दोन गोष्टी केल्या. दोन्ही केसेसच्या निकालाच्या प्रमाणित प्रती मागवल्या. वेगमर्यादेच्या दंडाचे कागद, दारू-ड्रग्जचा संबंध नसेल, अटक झालेली नसेल आणि दंड ५०० डॉलरच्या आत असेल, तर एन-४०० ला लावावेच लागत नाहीत. माझ्या बाबतीत गैरहजेरीची केस होती, म्हणून वकीलबाईंनी सगळे लावले, सोबत २०१८ मध्ये 'दंड भरला' का लिहिलं त्याचा एका पानाचा खुलासा आणि मनीऑर्डरची प्रत. ७१० डॉलर भरून ऑनलाइन अर्ज केला.

दुसरी गोष्ट, दोन आठवडे थांबून वकिलाकरवी शेरीफच्या ऑफिसात विचारून घेतलं की त्यांच्या संगणकातून वॉरंट खरंच गेलं का. कोर्टाने मागे घेतलं तरी तो आदेश शेरीफकडे पोचून तिथे नोंद पुसली जायला वेळ लागतो, आणि मधल्या दिवसांत रस्त्यावरचा पोलीस त्याच्या पडद्यावर जे दिसतं तेच बघतो. वकिलाने आठवणीने सांगितलं होतं, मागे घेतल्याच्या आदेशाची प्रत गाडीत ठेवा. उठावदार शिक्क्याची ती प्रत प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून विम्याच्या कार्डाशेजारी ठेवली आहे. वर के-एस-एच आणि के-एच-एस अशी दोन्ही नावं लिहून घेतली आहेत.